पंधरा जोड्या डोळे

माझ्या पुतण्याने पीएच.डी.साठी घेतलेला विषय असा, की माणसाच्या डोळ्याला जे दिसणारच नाही ते व्हिडिओतून आधीच काढून टाकायचं. हे ऐकून आमच्या बोईसरच्या कॉलनीत एकाने विचारलं, "न दिसणारं काढायला एवढी वर्षं?" अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी न दिसणाऱ्या गोष्टींची अशी टिंगल करू नये. १९६९ पासून तारापूरला जे चाललंय ते कुणाच्या डोळ्यांना दिसलंय?

हिशेब मात्र डोळे पांढरे करणारा आहे. फुल एचडीच्या एका चित्रात वीस लाखांवर ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. अडीच तासांचा सिनेमा जसाच्या तसा ठेवला तर सुमारे १,४०० जीबी होतो. तोच डहाणू लोकलमध्ये खिडकीला टेकून मोबाइलवर बघता येतो, कारण त्यातला बहुतेक ऐवज वाटेत टाकून दिलेला असतो. काय टाकायचं, हे आपल्या डोळ्यांच्या आळसावर ठरतं.

डोळा तरी कुठे सगळं वर कळवतो? आत प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास आणि मेंदूकडे निघालेले तंतू जेमतेम दहा लाख. म्हणजे काटछाट घरातूनच सुरू. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्याला कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून रंगांची नोंद चौथाईवर आणतात. केळव्याच्या सुरूच्या बनात कितीही गाळागाळ केली तरी ती पानांच्या गर्दीत खपून जाते. वरच्या मोकळ्या आकाशात मात्र लगेच पायऱ्या उमटतात. चित्राच्या चौकोनातला ढोबळ भाग आणि बारीक तपशील वेगळे करायचे आणि कात्री बारीक तपशिलाला लावायची, याचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. त्यासाठी १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेत अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. १९७४ मध्ये नटराजन आणि राव यांच्यासह निबंध छापून आला आणि पुढे जेपीईजी फोटोपासून व्हिडिओपर्यंत सगळा संसार त्यावर उभा राहिला. पुतण्या ही गोष्ट वरचेवर सांगतो. विशेषतः त्याचा पेपर परत आला की.

लागेल तेवढंच ठेवणं आपल्या जिल्ह्याला काही नवं नाही. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं आणि हातापायांच्या काड्या. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. तरी तारप्याभोवतीचा फेर फिरताना दिसतो आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी रंगवलेलं जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी अंधारात माणसांच्या सांध्यांवर दिवे लावून दाखवलं, की डझनभर ठिपके हलले तरी 'माणूस चालतोय' हे बघणाऱ्याला क्षणात कळतं. गंजाडच्या भिंतीवर तर ठिपके हलायचेही कष्ट घेत नाहीत.

पुतण्याचं घोडं अडलं ते डोळे गोळा करताना. दाबलेला व्हिडिओ किमान पंधरा जणांना दाखवावा, त्यांची नजर आणि रंगओळख आधी तपासावी आणि त्यांच्याकडून गुण घ्यावेत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ती लिहिणाऱ्यांनी आमची कॉलनी पाहिलेली नाही. तळमजल्यावरच्या काकांनी सगळ्याला पाचपैकी पाच दिले, पोराच्या करिअरचा प्रश्न म्हणून. एका वहिनींनी सरसकट तीन दिले. कुणाचं मन दुखवायला नको. मी म्हटलं, "अरे, या बाईच्या साडीचे काठ मातकट झालेत."

"काकू, माणसाचं लक्ष चेहऱ्यावर असतं. काठ कोण बघतं?"

मुलगा लग्नाचा आहे. कळेल.

माझी तक्रार एवढीच, की प्रबंधात 'मानवी डोळा' म्हणून जो येतो तो बरेचदा कॉलेजातल्या विशीतल्या मुलाचा असतो. त्याने कधी पापलेट घेतलेलं नसतं. पापलेट कल्ल्यापाशी दाबायचं. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. ती लाली थेंबभर जागेत असते आणि रंगाची चौथाई करताना पहिला बळी तिचाच जातो. म्हणून म्हटलं, सातपाटीहून येणाऱ्या आमच्या मावशींना बसव सोळाव्या. तो म्हणाला, चित्राच्या दर्जाशी ज्यांच्या कामाचा संबंध येतो, अशी माणसं चालत नाहीत.

मावशींचा संबंध येतो हे मला नंतर कळलं. हल्ली त्या सकाळी ग्रुपवर मासळीचे व्हिडिओ टाकतात. मी म्हटलं, "मावशी, व्हिडिओत एखादं दाबून दाखवत जा ना."

"दाखवते की," त्या हसत म्हणाल्या, "फोनवर सगलं पांढरंच दिसतं."