पहिल्या घासापासून दोन तास

जेवावं सुरतेला आणि मरावं काशीला, असं गुजराती म्हण सांगते. पैकी काशीला निदान वेळ आल्यावरच जातात. सुरतेत जेवायला तेवढीही अट नाही. सकाळी उठल्या उठल्या लोचोवर तेल ओतलं जातं, मधल्या वेळी फरसाण असतंच, आणि रविवारी संध्याकाळी घरचं जेवण सोडून माणसं डुमस रस्त्याच्या कडेला सतरंज्या पसरून खायला बसतात. अशा गावात माझ्या भाचीला सहाव्या महिन्यात शुगर निघाली.

तिचं सासर दिंडोलीला. उधना, लिंबायत, दिंडोली म्हणजे सुरतेत येऊन वसलेलं खानदेशच. भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते. रिपोर्ट घरी आला त्याच संध्याकाळी आजेसासूबाईंनी तिला जवळ बसवलं. "पोटभर खाय माय, तू आते दोन जीवनी शे!" डॉक्टरीणबाई तरी कुठे खाऊ नको म्हणत होत्या? तीन वेळा बेतानं जेवायचं, मध्ये दोन-तीनदा थोडं खायचं, झोपताना पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही. आपल्याकडे पथ्य म्हणजे काहीतरी सोडायचं. वेळेवर खाणं हेच पथ्य, यावर घरात कोणाचा विश्वास बसेना.

गंमत अशी, की ज्या चाचणीत हा आजार सापडतो तिला वेळेचं काही सोयरसुतक नसतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याच्या वर गेला की निदान झालं. शेवटचं कधी जेवलात, हे कोणी विचारत नाही. ही पद्धत रुजवली ती चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी. उपाशीपोटी परत या म्हटलं की लांबून आलेली बाई पुन्हा फिरकत नाही, हे ओळखून केलेली ही सोय. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, आपल्याकडे याच आजाराच्या जागृतीसाठी पाळतात.

चाचणी एवढी उदार, आणि उपचार मात्र पदोपदी घड्याळ काढतो. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत. दोन तास कधीपासून? पहिल्या घासापासून. भाची घास उचलण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे अशी बघते, की चित्राहुती घालताना आमचे आजोबाही इतके गंभीर नसत.

सगळ्यात मोठा अन्याय सकाळचा. जी कळण्याची भाकरी दुपारी मुकाट्यानं पचते, तीच सकाळी आकडा चढवून ठेवते. वारेतून निघणारी संप्रेरकं इन्शुलिनचं फारसं चालू देत नाहीत, त्यात पहाटे वाढणाऱ्या कॉर्टिसोलची भर. म्हणून नाश्ता आटोपशीर हवा. हे सुरतेत सांगायचं! लोचोची बाजू घेऊन मी म्हटलं, तो बिचारा हरभऱ्याच्या डाळीचा, आणि डाळीची साखर रक्तात सावकाश उतरते. त्यावर भाचीनं तेल, शेव आणि सोबतचा गोड चहा यांचा हिशोब मांडला. मी खटला मागे घेतला.

बरं, घरात आधीच दोन घड्याळं. जावई लूमच्या खात्यात, बारा-बारा तासांच्या पाळ्या. तो रात्रपाळीहून सकाळी येतो तेव्हा त्याची भाजी-भाकरीची वेळ असते, पाळी बदलली की तीच संध्याकाळवर जाते. या सगळ्यांचं आटोपल्यावर सून जेवणार, म्हणजे कधी दीड, कधी तीन. आता कागदावर साडेबारा लिहून आलेले. साडेबारा म्हणजे सासऱ्यांच्या आधी! सुरुवातीला तिचं ताट ओट्याआड वाढलं जाई, चोरून खाल्ल्यासारखं. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटं चालायचं, हाही डॉक्टरीणबाईंचाच हुकूम. भांड्यांचा ढीग तसाच टाकून भरदुपारी सून जिन्याखाली येरझारा घालतेय हे पाहून शेजारच्या बेननं काळजीनं विचारलं, "केम, झघडो थयो?"

तसा झगडा झालाही, पण सासूबाईंचा स्वतःशीच. सून एकटी जेवतेय हे त्यांना बघवेना आणि आपण आधी जेवणं जमेना. शेवटी सुनेला सोबत हवी, असं कारण काढून त्या एके दिवशी साडेबाराला ताट घेऊन बसल्या. सासरे अजून न्हाणीत होते. पहिलाच घास घेतला आणि त्या थांबल्या. "वरणात मीठ कमी पडलं गं," त्या म्हणाल्या आणि उठून मीठ घालून आल्या. एरवी ही बातमी त्यांना सासऱ्यांकडूनच कळायची.