३० सप्टेंबरनंतर आलेलं पोर

शाळेत पोरं किती, हे सरकार ३० सप्टेंबरच्या पटावरून धरतं. त्यावरच संचमान्यता होते, शिक्षक किती द्यायचे ते ठरतं. वीटभट्टीवरचं कुटुंब मात्र दिवाळीनंतर येतं आणि पावसाआधी परततं. छत्तीसगडहून वर्धा जिल्ह्यात आलेलं पोर मोजणीच्या दिवशी इथे नसतंच. तिकडच्या पटावर नाव असलं, तरी निम्मं वर्ष त्याची जागा रिकामी.

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे. आईबाप चिखल मळतात, विटा थापतात. थापलेल्या विटा उन्हात उलथायचं काम पोरांच्या वाट्याला. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊनच ते करते. गुरुजी बोलवायला गेले, की बाप विचारतो, ‘ये स्कूल जाएगी तो छोटे को कौन देखेगा?’ प्रश्न रास्त आहे. धाकट्याला अंगणवाडीत घेतलं, तरच थोरली शाळेत येईल.

कायदा कच्चा नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क लागू आहे. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, निम्मं वर्ष सरलं, यातलं कुठलंही कारण सांगून पोराला परत पाठवता येत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं, राहिलेलं विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचं. पण शिकवणार कोण? दोन शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळेत नोव्हेंबरात आठ पोरं वाढली, तरी शिक्षक वाढत नाही. शिवाय आधार जुळलं नाही, तर पोर संचमान्यतेत धरत नाहीत. मग ते मागे बसतं, खिचडी खातं आणि मे महिन्यात कोरंच जातं. याला प्रवेश म्हणायला मी तयार नाही.

याच वर्ध्यात २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी, गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण परिषदेत, सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या आणि मातृभाषेतल्या शिक्षणाचा ठराव झाला होता. आज छत्तीसगढी बोलणाऱ्या पोरापुढे आपण थेट मराठीचं पुस्तक टाकतो.

जिल्हा परिषदेने जानेवारीत भट्ट्यांवर आणि कापसाच्या जिनिंगच्या आवारात जाऊन दुसरी मोजणी करावी. शासनाने ती संचमान्यतेला जोडावी, आधारची अट काढावी आणि हंगामापुरता एक शिक्षक द्यावा, पोरांची बोली समजणारा. परतताना, पुढच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी पत्रक पोराच्या हाती पडावं आणि त्यावर त्याला काय वाचता येतं, तेही लिहिलेलं असावं.