काहीही न सोडता पथ्य पाळा

जिभेचे चोचले आणि प्रकृती यांपैकी एकालाच सांभाळता येतं, हा गैरसमज आहे. ताटातला एकही पदार्थ न हलवता कडक पथ्य पाळता येतं. फक्त थोडा अभ्यास हवा. तुमचं पोट आधीच सुटलं असेल तर खचून जाऊ नका. पूर्वतयारी झाली, असं समजा.

१. दोन गुरू करा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, दर दोन तासांनी थोडं थोडं खा आणि तुपाला घाबरू नका. बिचारे नवशिके इथे गोंधळून एकाचंच ऐकतात. तुम्ही दोघांचाही मान राखा. दोन्ही जेवणं पुरती ५५ मिनिटं चालवा, मधे दर दोन तासांनी तोंड हलवा, तूप सगळ्यावर घ्या. ‘थोडं थोडं’ हे शब्द ऐकू आले नाहीत, असं नंतर सांगता येतं.

२. पहाटे टेकडी चढा. टेकडी निवडताना पायथ्याशी काय मिळतं ते आधी बघा. दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकताना रूढ झाला. तेव्हा पावलं जरूर मोजा. मिसळीबरोबरचे पाव मोजू नका. तासभर झपाझप चाललं तर साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. तर्री, फरसाण आणि जादा पाव मिळून त्या व्याजासकट परत येतात. घाम मात्र तुमचाच.

३. साखर बंद करा. बंद करण्यापेक्षा जाहीर करणं महत्त्वाचं, म्हणून सोसायटीच्या लिफ्टपासून सुरुवात करा. मग गूळ आणा. गुळातही बहुतेक सुक्रोजच असतं आणि कॅलरीही जवळपास तेवढ्याच. पण गुळाचा चहा पिणाऱ्याला दुसरा कप मागताना लाज वाटत नाही.

४. उपवास धरा. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. हा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडांतली. तरी एकादशीला त्यांचं सोवळं मोडत नाही आणि ज्वारीची भाकरी मात्र चालत नाही. कूट सढळ हाताने घाला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, पण त्या दिवशी त्या पुण्याच्या खात्यात जमा होतात.

५. ताटाबाहेरचं धरू नका. ओट्याशी उभ्याने खाल्लेलं, पातेल्याच्या तळाशी उरलेलं, नातवाने टाकलेलं, ‘आंबलंय का बघते’ म्हणून चाखलेलं: याला खाणं म्हणत नाहीत, जबाबदारी म्हणतात.

६. तपासणीची तयारी करा. रक्त द्यायच्या आधी तीन-चार दिवस कारल्याचा रस घ्या, भात आणि गोड टाळा. उपाशीपोटीची साखर अशा वेळी थोडाफार मुलाहिजा ठेवते. एचबीए१सी ही चाचणी मात्र टाळाच. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगून टाकते. इतक्या चहाडखोर चाचणीशी सभ्य माणसाने संबंध ठेवू नये. डॉक्टरांनी लिहून दिलीच, तर ‘आमच्या घराण्यातच आहे हो’ म्हणा. आजोबा काही उलट बोलायला येत नाहीत.

७. खरं डाएट सुरू करायला मोकळा सोमवार शोधा. गणपतीत मोदक, पितृपक्षात खीर, कोजागरीला मसालादूध, दिवाळीला फराळ, संक्रांतीला गुळपोळी, होळीला पुरणपोळी. मग हापूस. तो संपला की आषाढ तळायचा असतो. तेवढ्यात श्रावण येतो, म्हणजे पुन्हा चौथी पायरी. घाई करू नका. अधिक महिना आलाच तर बघू म्हणावं, तर त्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात आणि ते कसे झालेत हे कुणीतरी बघावं लागतंच.

दरम्यान वजनकाट्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घाला. संध्याकाळी पाककृतींचा कार्यक्रम असतो.