आप्पा मायनसमध्ये आहेत

आप्पांकडे हातउसने मागायला गेलेल्या माणसाला आधी आप्पांचं कर्ज ऐकून घ्यावं लागतं. सोसायटीचं किती, पतसंस्थेचं किती, ट्रॅक्टरच्या फायनान्सचं किती, सोनेतारणाचं किती. ऐकता ऐकता मागणाऱ्यालाच लाज वाटायला लागते आणि खिशातली पन्नासाची नोट आप्पांच्या हातावर ठेवून निघावं, असं त्याच्या मनात येतं. तेवढ्यात आप्पा आत जातात आणि मोजून नोटा आणून देतात.

हा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गावात, गल्लीत, हपिसात तो असतोच. आयुष्यभर कर्ज फेडत असतो आणि आयुष्यभर पैसे साठवत असतो. पण साठवलेले उचलून कर्जात भरावेत, हे त्याला मरेपर्यंत सुचत नाही. आमच्या पळसदेवात त्याला आप्पा म्हणतात.

आप्पांची एक थैली आहे, खताच्या गोणीची शिवलेली. तिच्यात सगळी पासबुकं असतात. कर्जाच्या पासबुकांना लाल रबर, बचतीच्या पासबुकांना हिरवं. एकदा हायवेच्या कडेला चहा पिताना त्यांनी ती थैली टेबलावर उपडी केली, तेव्हा एका पासबुकाला दोन्ही रबरं दिसली.

"हे काय आप्पा?"

"ठेव हाय. तिच्यावर कर्ज काढलंय. मग ती दोनी दावणीला नको का बांधायला?"

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. बिलाच्या पाठीवर मी त्यांना मांडून दाखवलं. पतसंस्था ठेवीला ७ टक्के देते, कर्जाला १३ घेते. ठेव मोडा, कर्जात भरा, वर्षाला शेकडा ६ रुपये घरात राहतील. सातवीच्या पोराला कळेल असा हिशेब. आप्पांनी तो शांतपणे वाचला, चहाच्या ओल्या बशीखाली सरकवला आणि विचारलं, "गुर्जी, आज उजनी किती हाय?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्या पट्ट्यात माणसं एकमेकांना 'बरं आहे ना' असं विचारत नाहीत, 'उजनी किती टक्के' असं विचारतात. धरण ११७ टीएमसीचं. त्यातलं सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त आणि ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की उजनी शून्यावर येते आणि तिथून खाली ती 'मायनस'मध्ये जाते. मायनस दहा, मायनस वीस, मायनस चाळीस. पाहुण्यांना वाटतं आता तळाला भेगा पडल्या असतील. आम्ही त्याच मायनसमधून मोटारी चालवून ऊस भिजवत असतो आणि भिगवणच्या बाजारात त्याच मायनसमधली चिलापी विकायला येते.

"मायनस पन्नास झाली तरी आत छत्तीस टीएमसी राहतं," आप्पा म्हणाले. "तुमच्या पुण्याची चारी धरणं काठोकाठ भरली तरी एकोणतीस. आता सांगा, कोरडं कोण?"

आकडे बरोबर होते. हेच तर दुखणं आहे. तेव्हापासून आप्पांच्या तोंडी ते एकच पालुपद आहे. ट्रॅक्टरचा हप्ता थकला म्हणून फायनान्सचा पोरगा मोटारसायकलवरून आला, त्याला चहा पाजून आप्पा म्हणाले, "मायनसमधी हाय रे, पण कोरडा न्हाई." पोरगा लातूरकडचा होता. त्याला काहीच कळलं नाही आणि तो चहा पिऊन निघून गेला. डॉक्टरांनी रक्त तपासून हिमोग्लोबिन कमी सांगितलं, तेव्हा आप्पांनी विचारलं, "उपयुक्त साठा का मृतसाठा?" मुलीच्या सोयरिकीत व्याह्यांनी आडून आडून देण्याघेण्याचा विषय काढला, तर यांनी भर बैठकीत उजनीची टक्केवारी सांगितली. ती सोयरीक जमली, हे विशेष. व्याही करमाळ्याचे, धरणाच्या पलीकडच्या काठाचे. त्यांना भाषा कळली असावी.

मी एकदाच अडवायचा प्रयत्न केला. म्हटलं, "आप्पा, त्या मृतसाठ्यात गाळ किती, ते धरलंत का?" आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाळ म्हंजी आमच्या मेव्हण्याला दिल्यालं पैसं."

सोन्याची गोष्ट तर विचारूच नका. इंदापूरच्या एका सराफाकडे आप्पांनी भिशी लावली. अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा सराफ भरणार. आठव्या हप्त्याला हात आखडला. दुसऱ्या कुणी भिशी सोडून दिली असती. आप्पांनी काकूंच्या पाटल्या बँकेत गहाण टाकल्या आणि त्या पैशांतून सोन्याचे उरलेले हप्ते भरले. वर्ष भरलं, गंठण मिळालं. मग ते गंठण त्याच बँकेत ठेवून पाटल्या सोडवून आणल्या. काकू म्हणतात, "आमच्या घरातलं सोनं आळीपाळीनं हवापालटाला जातंय."

पिग्मीवर मात्र आप्पांची खरी श्रद्धा. रोज संध्याकाळी पतसंस्थेचा एजंट हातातलं छोटं यंत्र घेऊन दारात येतो आणि आप्पा शंभर रुपये देतात. घरात तेल संपलेलं असो, डीपी जळालेली असो, शंभर रुपये जाणार. एकदा शंभर नव्हते, तर त्यांनी ते एजंटाकडूनच उसने घेतले आणि एजंटालाच दिले. यंत्रातून पावती निघाली. दोघांच्याही चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचा भाव होता.

यावर मी चिडून बोललो तेव्हा आप्पांनी जे उत्तर दिलं, ते अजून मला खोडता आलेलं नाही. "कर्ज का फिटतं गुर्जी? मागायला मानूस येतो म्हनून. बचतीला कोन येतं मागायला? कुनीच न्हाई. म्हनून ती हुत न्हाई. म्या तिलाबी एक वसुलीवाला लावलाय." ही पिग्मी १९२८ साली उडुपीत, टी. एम. ए. पै यांच्या बँकेने सुरू केली. रोज दोन आण्यांपासून पैसे घ्यायला बँकेचा माणूस घरी यायचा. पुढे तीच सिंडिकेट बँक झाली. पै यांनी ज्या हिशेबाने ती काढली असेल, तो आप्पांना पुस्तक न उघडता समजलेला आहे. मला मात्र चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ आहे आणि महिनाअखेर पेन्शनमधलं काहीही उरत नाही.

सोसायटीच्या बाबतीत तर आप्पांपुढे गणितही हात टेकतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. तेव्हा आप्पा पीककर्ज पुरेपूर उचलतात, उसाच्या बेण्याला आणि खताला लागेल तेवढं काढून घेतात आणि उरलेलं मुदतठेवीत टाकतात. शून्याने घेतलेलं सातने वाढतं. याला काय म्हणायचं ते सरकारने ठरवावं. पुढे कारखाना गाळप झालं की बिलातून सोसायटीची कपात करून घेतो, आप्पांच्या हाती चिठ्ठी येते आणि कांडे पेमेंट कधी निघणार याची चौकशी करत ते पुन्हा गटसचिवापुढे उभे राहतात.

वेळेत फेडण्याच्या या सवयीपायी त्यांचं केवढं नुकसान झालं, ते त्यांना सांगायची सोय नाही. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली, ती थकबाकीदारांना. आप्पा चालू बाकीत. २०१७ साली राज्याची आली, दीड लाखापर्यंत, पुन्हा थकबाकीदारांना. नियमित फेडणाऱ्यांना जास्तीत जास्त २५ हजार. डिसेंबर २०१९ मध्ये २ लाखांपर्यंतची आली, तीही थकबाकीदारांनाच. नियमितवाल्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन, आणि तेही खात्यावर पडायला २०२२ उजाडलं. शेजारच्या बांधावरचा गडी कधी हप्ता भरत नाही. तो दोनदा कोरा झाला आणि दर वेळी पेढे वाटून गेला. आप्पांनी पेढा खाल्ला. मी म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?" तर म्हणाले, "त्याची उजनी सरकार भरतं. आपली पावसानं भरायची." प्रोत्साहनाच्या ५० हजारांची त्यांनी ठेव केली, तिच्यावर ४५ हजारांचं कर्ज काढलं आणि पतसंस्थेतले दोन थकलेले हप्ते भरून टाकले. त्या पासबुकालाही दोन रबरं आहेत.

मार्च महिना आला की हे सगळं जरा वेगळं दिसायला लागतं. आमच्याकडे त्याला 'नवं-जुनं' म्हणतात. जुनं कर्ज भरायचं, सोसायटी चार-आठ दिवसांत नवं मंजूर करते. पण ते आठ दिवस रोख आणायची कुठून? बिल आलेलं नसतं, कांदा पडून असतो. गावोगाव मार्चअखेरीला खासगी सावकार याच आठ दिवसांची वाट बघत असतात. शेकड्यामागे किती, ते माणसाची अडचण बघून ठरतं. ज्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं रस्त्यावर आणून जाळली, ते सुपे इथून दूर नाही, शेजारच्या बारामती तालुक्यातच आहे. त्या दंग्यानंतर इंग्रजांना १८७९ चा कायदा करावा लागला. आप्पांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "तवा जाळायला वह्या तरी हुत्या. आता समदं सर्व्हरवर."

तर त्या आठ दिवसांत आप्पांच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात. आप्पा एकेकाला आपलं सगळं कर्ज ऐकवतात, उजनीचा आकडा सांगतात, मायनसचं प्रवचन देतात आणि पैसे देतात. व्याज नाही, चिठ्ठी नाही. नवं कर्ज खात्यावर पडलं की आणून द्यायचे. बहुतेक जण आणून देतात, मेव्हणा सोडून. गावातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर सावकाराची सावली पडली नाही, ती या लाल-हिरव्या रबरांमुळे. हे मी कबूल करतो, पण त्यांच्यासमोर करणार नाही. ते लगेच माझ्यासाठी पिग्मीचा एजंट पाठवतील.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नासच्याही खाली गेली. पाणी मागे हटत हटत जुनं पळसनाथाचं देऊळ पार पायापर्यंत उघडं पडलं. एरवी कडक उन्हाळ्यात शिखर तेवढं दिसतं. पुण्याहून, सोलापुरातून गाड्या आल्या, लोक फोटो काढत फिरत होते. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पोटात जुनं गाव गेलं आणि आम्ही वर हायवेला आलो. आप्पा आणि मी गाळ चुकवत चाललो होतो. एका ठिकाणी ते थांबले आणि काठीने जमिनीवर चौकोन काढला. म्हणाले, इथं आमचा सोपा होता.

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. घराचा नि जमिनीचा मोबदला हातात पडला, त्या दिवशी वडील उठले ते थेट सावकाराकडे गेले. देणं मोठं होतं, वर्षानुवर्षांचं. सगळं एका दमात फेडलं. घरी येऊन म्हणाले, आता कुणाचा एक पैसा देणं नाही, मरायला मोकळा झालो. त्या रात्री गोडाचं जेवण झालं. पंधरा दिवसांनी नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. पत्रे हवेत, वासे हवेत, बैल ठेवायला छप्पर हवं. हातात काही नाही. वडील पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर. "त्यो म्हनला, या, मला वाटलंच हुतं. आन् दर वाढवला." आप्पा तेव्हा वडिलांच्या मागे उभे होते, सदऱ्याचं टोक धरून.

"देनं फेडावं गुर्जी. पन हात झाडून फेडू नये."

दुपारभर आम्ही तिथे होतो. समोर उजनी होती, तिचा आकडा त्या दिवशीच्या प्रत्येक पेपरात होता. आप्पांनी तो एकदाही काढला नाही.

आता या वर्षीची बातमी. ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता गेला. मुलगा चाकणला लागलाय, त्याने पतसंस्थेचं मिटवलं. काकूंनी हट्ट धरला, की एकदा तरी मला आपला सातबारा कोरा बघू दे. आप्पांनी कुरकुरत सोसायटीचं भरलं आणि नवं उचललं नाही. बोजा उतरला, 'इतर हक्क' रिकामं झालं. काकूंनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. आप्पांच्या थैलीत लाल रबरं नुसती लोंबायला लागली.

महिनाभर माणूस आजारी असल्यासारखा फिरला. गटसचिव हात दाखवेना. फायनान्सचे फोन बंद झाले. ओट्यावर कुणी आलं तर त्याला काय ऐकवावं, हे त्यांना सुचेना. सरळ पैसे द्यावे लागत आणि त्यात काही चव नव्हती. त्यातच सोसायटीची निवडणूक लागली. दोन्ही पॅनेलच्या गाड्या गल्लीत आल्या, शेजारच्या दोनदा कोऱ्या झालेल्या गड्याच्या दारात थांबल्या, त्याच्या पाया पडल्या आणि आप्पांच्या दारावरून पुढे गेल्या. चौकशीअंती कळलं, की आप्पांचं नाव बिगरकर्जदारांच्या यादीत गेलंय. तिथे जागा एक, मतं थोडकी आणि त्यांच्यासाठी मटण शिजवणं कुठल्याच पॅनेलला परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा सोसायटीच्या दारात हजर. कर्जमागणी अर्ज, रक्कम रुपये १० हजार, कारण कांदा. शेतात कांदा नाही. गटसचिव म्हणाला, दोन जामीनदार आणा, सभासद पाहिजेत. पहिली सही मेव्हण्याने केली. त्याला नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दुसरी माझी आहे.