बंबखान्याचा घंटाकर्ण

मुंबईत जन्म घालवून गावी परतलेल्यांच्या आमच्या मांडव्यात नाना तऱ्हा आहेत. गिरणीवाला भोंगा नसतानाही पहाटे उठून बसतो आणि १९८२ चा संप कोणी बुडवला यावर चहा गार करतो. बेस्टचा कंडक्टर लग्नाच्या पंगतीतही ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत फिरतो. ही मंडळी निरुपद्रवी. जपून राहावं ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या बंबवाल्यांपासून. त्यांच्यासमोर घंटेचा विषय काढू नये.

पण तो निघतोच. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलाय. शिपायाने तो बडवला की बंबवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. “ही काय घंटा? घंटा पितळेची पायजे. आवाज दोन मजले वर झोपलेल्या माणसाच्या हाडात शिरला पायजे!” एवढं म्हणून ते कट्ट्यावर मांडी ठोकतात. मग ज्याला बोट पकडायची असेल त्याने तेवढ्यात सटकावं.

त्यांच्या घंटेचा इतिहास १७३९ पासून सुरू होतो. चिमाजी आप्पांनी वसई घेतली, फिरंग्यांच्या चर्चमधल्या घंटा उतरवल्या, त्यातली एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर चढली, एक वाईजवळ मेणवलीला गेली. याचा मुंबईच्या बंबाशी संबंध काय, असं एका पोराने एकदा विचारलं होतं. त्याला उत्तर म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं.

पुढे इंग्रजांची मुंबई. १८५५ पासून आग विझवण्याचं काम पोलिसांकडे, तेही जोडधंदा म्हणून. “चोर धरायचा का आग विझवायची, हे ठरेपर्यंत दोन्ही पसार!” हा विनोद ते दरवेळी करतात आणि दरवेळी स्वतःच आधी हसतात. १८८७ साली स्वतंत्र दल उभं राहिलं, पुढच्या वर्षीच्या कायद्याने जबाबदारी महापालिकेच्या गळ्यात पडली. बंब घोडे ओढायचे, आणि घंटा झाली की घोडे साहेबाच्या आधी आपापल्या जागेवर हजर व्हायचे म्हणे. हे सांगताना बंबवाले घोड्याच्या बाजूने असतात.

खरी रंगत भायखळ्याच्या बंबखान्यात पोचल्यावर. टेलिफोनवर वर्दी आली, की घंटा. घंटा झाली, की ताटातला घास ताटात. खांबावरून सुर्रकन खाली, बुटात पाय, डोक्यावर टोप आणि बंब रस्त्यावर. बंबावरही पुढच्या बाजूला पितळी घंटा असे. तिची दोरी धरून टणटणटणटण करत जायचं. ती कशी ओढायची, हे ते पंच्याच्या टोकाला गाठ मारून करून दाखवतात. मनगट सैल, कोपर अंगाशी, दर ठोक्याला मान किंचित पुढे. पाहणाऱ्याला वाटावं, समोरून हातगाडी बाजूला होतेय. घंटेला पॉलिश करायचं कामही त्यांच्याचकडे होतं. पुढे सायरन आला. सायरनबद्दल बंबवाल्यांचं मत एकाच शब्दाचं आहे आणि तो शब्द इथे छापता येत नाही.

मग येते १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज, पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. “आम्ही होज मारतोय, मारतोय, डेक तापून लाल…” वयाचा हिशेब मांडला तर तेव्हा बंबवाल्यांच्या आईवडिलांचं लग्नही व्हायचं होतं. पण कुणी टोकत नाही. कारण दुपारचे चार वाजून सहा मिनिटं झाली, म्हणजे पहिला स्फोट झाला, की त्यांचा आवाज उतरतो. ऐकणारा हमखास विचारतो, “ती सोन्याची वीट पारश्याच्या घरात पडली, ते खरं का?” तेव्हा मात्र ते कट्ट्यावरून उठतात. “सोनं बरं लक्षात राहतं तुमच्या! दलाची सहासष्ट माणसं गेली, ती नाय राहत!” आणि चालू लागतात. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच माणसांसाठी. मांडव्यात तो बंबवाले एकटेच पाळतात.

जेट्टीवर त्यांची वेगळी ड्यूटी. रो-रो बोटीतून गाड्या उतरतात, मुंबईची पोरं ‘मांडवा’च्या पाटीसमोर उभी राहून ‘अग्निपथ’मधल्या अमिताभचा आवाज काढतात. बंबवाल्यांचं लक्ष जेट्टीवरच्या लाल नळकांड्यावर. काटा हिरव्यात आहे का, पिन जागेवर आहे का, रिफिल कधी केलं. तिथला पोरगा त्यांना लांबून पाहूनच फडकं शोधायला लागतो.

होळीच्या रात्री सगळा गाव होमाभोवती बोंब ठोकत असतो. हे एकटे वाऱ्याची दिशा बघून पेंढ्याच्या उडवीपाशी उभे, दोन्ही बाजूंना भरलेल्या बादल्या. घरी तर विचारू नका. “कुकरची शिट्टी झाली की हे चपला शोधतात,” असं काकू सांगतात.

माणूस कंटाळवाणा आहे, यात शंका नाही. तरी मी त्याला पूर्वीइतका टाळत नाही. परवा आमच्याकडे आले, चहा नको म्हणाले, सरळ स्वयंपाकघरात शिरून शेगडीमागची नारिंगी नळी ओढली, तिच्यावरचं साल वाचलं आणि काही न बोलता सिलिंडर बंद केला. नळीची मुदत केव्हाच उलटली होती. अलिबाग आमच्यापासून वीसेक किलोमीटर. तिथून बंब निघाला तरी शनिवार-रविवारच्या गाड्यांतून वाट काढत यायचा.

तेव्हा वाचकहो, हे वाचून झालं की आपल्या शेगडीमागची नळी एकदा बघून घ्या. पाच वर्षं झाली असतील तर बदला. बंबवाले तुमच्या दारात यायच्या आत बदला, नाहीतर वसईपासून ऐकावं लागेल.