दोरी मारणारे तात्या

मे महिन्यातला वळीव बारामती-इंदापूर पट्ट्यात एकटा येत नाही, जाताना बांधावरचं एखादं जुनं लिंबाचं झाड आडवं करून जातो. झाड वाटेवर पडलं की गोठ्याच्या माळ्यावरून चेन सॉ खाली उतरतो. आणि तो उतरला की गाव सणसर असो, लासुर्णे असो की निमगाव केतकी, तात्या हजर होतात. बोलवावं लागत नाही. वाया गेलेल्या दोरीचा आवाज त्यांना दोन शेतं ओलांडून ऐकू येतो.

यंत्र बहुधा आदल्या वर्षी जानेवारीत, बारामतीच्या 'कृषिक' प्रदर्शनात घेतलेलं असतं. नव्या नवलाईत सुबाभळीच्या चार फांद्या कापून झाल्या, की ते निम्म्या भरलेल्या टाकीसकट पोत्यात जातं. मध्ये एक अख्खा पावसाळा. मालकाला वाटतं, पेट्रोल आतच आहे, बरं झालं!

"तात्या, बघता का जरा? धरतच न्हाय."

"सर बाजूला. आरं, टू-स्ट्रोकच हाय न्हवं?"

तात्यांची पदवी म्हणजे बजाज चेतक. ती आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून तात्या चेन सॉही आडवा करतात. साखळीच्या तेलाचं झाकण ढिलं असल्याने तेल त्यांच्या विजारीवर सांडतं, एवढाच त्याचा परिणाम. चेतकच्या कार्बोरेटरात पेट्रोल साठवणारी वाटी असते, तरंगणारा फ्लोट असतो. चेन सॉच्या कार्बोरेटरात त्याऐवजी एक पातळ पडदा असतो, आणि तो कशासाठी, तर करवत कशीही वाकडी धरली तरी इंजिन चालावं म्हणून. जे यंत्र मुळात वाकडं चालण्यासाठीच घडवलंय, त्याला वाकडं करून तात्या चमत्काराची वाट बघतात.

मग दोरी. चोक पूर्ण ओढून दोरी मारायची आणि पहिला 'फट्' झाला की चोक अर्ध्यावर आणायचा, हे माहितीपुस्तिकेत चित्रासकट असतं. तात्या 'फट्' ऐकून "बघ, घेतंय!" म्हणतात आणि त्याच चोकवर आणखी दहा ओढतात. पेट्रोल पिऊन इंजिन गप्प. आता जमलेल्यांतला प्रत्येक जण आपला हात अजमावतो. आंद्रेआस श्टिल यांची १९२९ सालची पेट्रोल करवत चाळीस किलोंहून जड होती, ती धरायला दोन माणसं लागत. आजची सहा किलोंची, सुरू करायला सहा लागतात.

तात्यांचा खरा हात दिसतो तो प्लगपाशी, हे मान्य केलं पाहिजे. चंचीत सुपारीशेजारी पॉलिश पेपरचा तुकडा असतोच. प्लग काढून ते टोक बघतात: ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, कोरडं असेल तर वाटेत कुठेतरी अडलंय. हे निदान बिनचूक. प्लग पुसून, घासून, बाहेर ठेवूनच चार दोऱ्या मारून आतलं पेट्रोल ते उडवून लावतात. फक्त टाकीत काय आहे, हे ते विचारत नाहीत. त्यांच्या लेखी पेट्रोल म्हणजे पेट्रोल.

आणि इथेच गंमत आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसापासून येतं, आणि ऊस तात्यांचा! कारखान्याच्या वार्षिक सभेत "इथेनॉलचा पैसा भावात धरा" म्हणून माइक न सोडणारे तात्या, तेच इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी वाढलं की पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं, याचा स्वतःला पत्ता लागू देत नाहीत. टाकीतल्या नळीचं फिल्टरही तळाशीच असतं. साहजिकच इंजिनाला आधी तेच पाजलं जातं.

शेवटी आयटीआयला जाणारा पुतण्या टाकी बाटलीत ओततो. खाली गढूळ थर, वर पेट्रोल. तो ताजं पेट्रोल आणतो, लिटरला वीस मिली टू-टी ऑइल घालतो (काही यंत्रांना चाळीस लागतं, पुस्तिका बघावी), करवत जमिनीवर पायाने दाबून दोरी मारतो. पडदा अजून कडक झालेला नसल्याने यंत्र चार-पाच दोऱ्यांत सुरू होतं.

"म्या गरम करून ठिवलं व्हतं, म्हणून," तात्या आवाजावर आवाज चढवून सांगतात. "तात्या, घ्या मग तुम्हीच, कापा," असं कुणी म्हटलं की त्यांना बारामतीची एसटी आठवते.