आधी वही उघडा

नोकरी गेलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणं बंद करा. त्याला विचारा, पोरांच्या शाळेचं झालं का, आईच्या बीपीच्या गोळ्या कुठून आणतोस, हातात किती दिवसांचे पैसे आहेत.

पुण्याहून आमचं बिऱ्हाड वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरला येऊन दीड वर्ष होत आलं. ट्रक रिकामा झाला त्या संध्याकाळी गावातले पाचपंचवीस जण भेटून गेले, फोन तर दिवसभर सुरूच होते. शहरातल्या मित्रांना गावची हवा, घरचं दूध, मोकळं आभाळ आठवत होतं. सगळे मनापासून बोलत होते, यात मला शंका नाही. पण कामाचा प्रश्न एकट्या काकाजींनी विचारला. ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘बाबू, पैसे किती दिवस पुरतीन?’’

‘‘होईल सगळं, काकाजी.’’

‘‘होईन. पण पुरतीन किती दिवस?’’

मला आकडा माहीत नव्हता. बायकोला माहीत होता. पाच महिने. त्या रात्री तिने पिशवीतून लाल कापडी पाठीची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चार वर्षांत माझ्या तीन नोकऱ्या गेल्या होत्या. पहिली करोनात गेली, दुसरी कंपनी विकली गेली म्हणून, आणि तिसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत लॅपटॉप जमा करून घेतला. प्रत्येक वेळी मी घरी येऊन ‘काळजी करू नको’ म्हणालो, आणि प्रत्येक वेळी तिने त्या तारखेखाली एक रेघ मारून नवा हिशेब सुरू केला होता. तिसऱ्या रेघेखाली तिने लिहिलं होतं, ‘विमा बंद’. नोकरीबरोबर कंपनीचा गटविमाही जातो, हे मला आईला दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. तिने ते आधीच लिहून ठेवलेलं होतं.

त्या वहीवरून मला शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी आठवतात. त्यांची गोष्ट आपल्याकडे आंदोलनापासून सांगायला घेतात. मला त्याआधीची दोन-तीन वर्षं जास्त मोलाची वाटतात. टपाल खात्यातले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगाराची नोकरी. ती सोडून १९७६ साली पत्नी लीलाताई आणि दोन मुलींसह ते भारतात परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेतीचा अनुभव शून्य. पिकं बाजारात गेली आणि तोटा हातात आला. अशा वेळी माणूस स्वतःलाच खायला लागतो. आपलंच चुकलं, आपल्याला जमत नाही, बायकोपोरांना उगाच फरफटत आणलं. जोशींनी पिकाला लागलेला खर्च आणि बाजारातून आलेली पट्टी शेजारी शेजारी मांडली. तोटा एकट्या त्यांच्या वावरातला नव्हता, आजूबाजूच्या जुन्याजाणत्या शेतकऱ्यांच्याही घरी तोच होता. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची मागणी, चाकणचं कांदा आंदोलन, शेतकरी संघटना, सगळं त्या जमाखर्चातून उभं राहिलं. माझ्यासाठी त्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. आपली चूक किती आणि आपल्या हाताबाहेरचं किती, हे त्या माणसाने आकड्यांनी वेगळं केलं. ते वेगळं झालं की मग झोप लागते. मला लागली, म्हणून सांगतो.

आमच्या जिल्ह्यातही असा एक माणूस येऊन राहिला होता. जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, मुंबईत त्यांची ऑडिटची फर्म होती. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं काम सांभाळायला ते वर्ध्याच्या मगनवाडीत आले. कपडे बदलले, पेशा बदलला, वही सुटली नाही. अर्थात, कुमारप्पा अविवाहित होते. दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा घेऊन गावाकडे येणं ही निराळी गोष्ट आहे, आणि असे दाखले देताना हे विसरून चालत नाही.

मुलांचं सांगतो, कारण इथे नुसत्या धीराने काही होत नाही, नियम माहीत असावा लागतो. शहरातल्या शाळेने मुलाचा दाखला थकलेल्या फीपायी अडवून ठेवला. दोन आठवडे मी नुसता फोन करत राहिलो. मग कोणीतरी शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम दाखवलं. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही की लांबवताही येत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात बसला. ते दोन आठवडे तो ओट्यावर बसून गावातली पोरं शाळेत जाताना बघत होता. बिऱ्हाड हलवणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या खिशात या कलमाचा कागद असायला हवा.

आणि बायकोचं. पुण्यात ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. गावाकडे जायचं ठरलं तेव्हा माझ्या नोकरीबद्दल शंभर जण हळहळले, तिच्या नोकरीबद्दल एकही नाही. मीसुद्धा नाही. आता ती हिंगणघाटला एका लॅबमध्ये जाते, एसटीने. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि वहीत रोज ते अर्धं तिकीट लिहिलेलं असतं. त्या अर्ध्या तिकिटामुळे तिचा पगार घरी पोचतो, नाहीतर प्रवासातच गेला असता. वहीच्या शेवटच्या पानावर तिने ‘सुटलं ते’ असं लिहून एक यादी केली आहे. त्यात मैत्रिणीबरोबरचा शनिवारचा चहा आहे, मुलीचा कथकचा वर्ग आहे आणि एक ओळ आहे, ‘सकाळी सहा ते सात, माझी एकटीची वेळ’. ते पान मी पाहिलं त्या दिवसापासून तिला ‘खूश राहा’ म्हणायचं मी सोडलं. सकाळी सहाला चूल मी पेटवतो, आईचं पाणी मी तापवतो. ती वेळ यादीतून अजून खोडलेली नाही, पण तिच्यापुढे तिने पेन्सिलीने बारीक टिंब केलं आहे.

हा वर्धा जिल्हा आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत आम्ही होतो. इथे माणूस गेल्यावर बसायला जा, घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आम्हाले काहीच सांगितलं नव्हतं.’ शेवटपर्यंत हसत होता, म्हणतात. कर्जाचा आकडा बायकोला सावकार दारात आल्यावर कळतो. म्हणून मला त्या हसऱ्या गप्प बसण्याची भीती वाटते. ज्या घरात वही चारचौघांत उघडते, त्या घरात निदान रात्री कोणी एकटं जागं नसतं.

शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी म्हणून. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागावं यासाठी मी गेल्या महिन्यात तलाठ्याकडे कागद दिले. काकाजींनी ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘हे माह्या हातून झालं नाही, बाबू.’’

परवा आमच्या वावरात सीतादही झालं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या आधी आईने पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग बायकोने कमरेला ओटी बांधली आणि वेचायला लागली. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी टोचतात. दुपारपर्यंत तिची दोन बोटं रक्ताळली. सोबतीला तीन बाया होत्या. संध्याकाळी काटा लावला, ६३ किलो भरलं. रात्री वीज शेतीच्या लाइनीवर दोनला येणार होती, म्हणून मी बॅटरी घेऊन निघायच्या तयारीत होतो. काकाजी ओट्यावर होते.

‘‘लिवलं काय, सूनबाई?’’

मुलगी वही घेऊन बसली होती. बोटांना हळद लावलेली तिची आई एकेक आकडा सांगत होती आणि ती लिहून घेत होती.